बोलणारं माणूस

सोमवार, ३ मार्च

आलो एकदाचे. सामान अजून खोक्यांतच आहे, पण चहाचं पातेलं आणि ही वही सापडली, म्हणजे संसार लागला असं समजायचं. कानांच्या उपचार केंद्राच्या मागे कर्मचाऱ्यांची बैठी घरं आहेत, त्यातलं शेवटचं आमचं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे कपडे वाळत घालायला तार. खिडकीतून केंद्राची पांढरी भिंत दिसते. देखावा म्हणून काही खास नाही, पण मी आयुष्यभर देखाव्यांशिवायच जगले आहे.

हे खुशीत आहेत. टेम्पोवाल्याशी गप्पा मारत होते, म्हणजे तो एक विचारत होता आणि हे दुसरंच सांगत होते. त्यानं विचारलं, फ्रीज कुठे ठेवू? यांनी सांगितलं, मुलगी एकच, जावई बँकेत. मी हसून हसून दमले. नंतर नुसतीच दमले.

पत्रे ठोकायच्या कारखान्यात उभं आयुष्य काढलं यांनी. निवृत्तीच्या दिवशी कारखान्यानं एक घड्याळ दिलं आणि कान ठेवून घेतले. तेव्हापासून घरात प्रत्येक वाक्य तीनदा बोलावं लागतं: एकदा साधं, एकदा मोठ्यानं, एकदा चिडून. तिसऱ्या वेळी त्यांना ऐकू येतं आणि ते विचारतात, चिडतेस कशाला? कानात घालायची यंत्रं दोन झाली. एक पँटच्या खिशात धुतलं गेलं, दुसरं फक्त पंख्याचा आवाज मोठा करायचं.

म्हणून ही नोकरी. पगार आधीपेक्षा कमीच आहे. पण इथे काम करणाऱ्याच्या घरातल्या एका माणसाला नव्या उपचारात जागा मिळते. मला दुसरं काही नको. या माणसाशी साध्या आवाजात बोलायचं आहे, एवढंच.

गुरुवार, ६ मार्च

काम तेच आहे जे मी इतकी वर्षं करत आले. आवाजबंद खोलीत पेशंट बसवायचा, कानावर हेडफोन द्यायचे, काचेच्या या बाजूला बसून बारीक मोठे सूर सोडायचे. ऐकू आलं की त्यानं बटण दाबायचं. रोज सकाळी पहिला पेशंट यायच्या आधी ते हेडफोन मी स्वतः लावते आणि सगळे सूर ऐकून बघते. आमच्या धंद्यात अशीच रीत आहे. मला सर्वांत बारीक सूर कुठला ऐकू येतो ते मला पाठ आहे. तो आला नाही तर यंत्राचा आवाज पडला असं समजायचं आणि चकती एक घर वर सरकवायची. माझे कान म्हणजे इथलं वजनमाप. यांच्यासारख्या माणसाच्या बायकोला असे कान असावेत, हीसुद्धा गंमतच.

मोठ्या डॉक्टरांनी उपचार समजावून सांगितला. भला माणूस आहे, बोलताना स्वतःचाच कान चोळत राहतो. आतल्या कानात केसांसारख्या बारीक पेशी असतात. आवाज त्यांच्यावर आदळतो तेव्हा आपल्याला ऐकू येतं. त्या एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. इथे त्या उगवायची सूचना, म्हणजे एक जनुक, डोळ्यांना दिसणारही नाही अशा कणांत भरतात. नॅनोकण. ते कण बारीक सुईनं पडद्यामागे सोडायचे. कण पेशीत शिरतात, सूचना पोचवतात आणि विरघळून जातात.

एक अट आहे. प्रत्येक पेशंटबरोबर एक बोलणारं माणूस हवं. रोज जवळ बसून, त्याच्या कानाशी भरपूर बोलायचं. आवाज मिळाला नाही तर पेशी धरत नाहीत म्हणे. मी म्हटलं, डॉक्टर, बायको आहे ना, अजून काय पाहिजे? ते खूप हसले.

मंगळवार, ११ मार्च

काल यांना डोस दिला. दोन्ही कानांत. नंतर चक्कर आली, एक उलटी झाली, बाकी काही नाही. मी शेजारी बसून बोलत होते. काय बोलायचं ते सुचेना. इतक्या वर्षांत आमचं बोलणं वाढू का, झालं का, लाइट बंद करा, एवढ्यावर आलं होतं. मग मी त्यांना आमच्या लग्नातली फजिती सांगितली, नातीचे किस्से सांगितले. नात चार वर्षांची आहे आणि जागी असेपर्यंत तोंड मिटत नाही, म्हणून तिला सगळे रेडिओ म्हणतात. यांनी तिचा आवाज कधी नीट ऐकलेलाच नाही.

वॉर्डात सगळ्यांकडे माणसं येतात. फक्त कोपऱ्यातल्या पलंगावरच्या टेलरकाकांकडे कोणी नाही. मुलानं भरती केलं, सही केली आणि गेला. काका दिवसभर चादरीच्या शिवणीवरून बोट फिरवत बसतात.

सोमवार, १७ मार्च

आज मी न्हाणीघरात होते. बाहेरून यांनी विचारलं, पुटपुटतेस काय एकटी? मी दचकले. दार बंद होतं, नळ चालू होता, आणि मी खरंच पुटपुटत होते.

बाहेर आले. हे खाटेवर बसले होते, डोळ्यांत पाणी. म्हणाले, तुझा आवाज म्हातारा झाला गं. मला वाईट वाटायला हवं होतं. मी त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. मग आम्ही जेवण विसरून बोलत बसलो. साध्या आवाजात. मला वाटतं मी आज सुखी आहे.

शनिवार, २२ मार्च

वॉर्डात आनंदीआनंद आहे. रोजच्या तपासणीत प्रत्येकाची रेघ वर चाललीय. डॉक्टर व्हरांड्यातून शीळ घालत जातात. टेलरकाका तेवढे जिथल्या तिथे. तोच डोस, तीच सुई, पण ढिम्म. सिस्टर म्हणतात, बोलणारं माणूस नाही ना, म्हणून.

एक गोष्ट नुसती लिहून ठेवते. भेटीच्या वेळी वॉर्डात फार कलकल होते. आधी पेशंट ओरडायचे आणि नातेवाईक कुजबुजायचे. आता उलटं झालंय. पेशंट हळू बोलतात आणि नातेवाईक ओरडून. एक सून सासऱ्याला सारखं विचारत होती, काय म्हणालात? मला हसू आलं. सवयीनं ओरडत असतील बिचारे.

यंत्राचा आवाज पडलाय. चकती दुसऱ्यांदा सरकवली. जुना माल लावलाय इथे.

शुक्रवार, २८ मार्च

झाडू-पोछा करणाऱ्या मावशींनी टेलरकाकांना दत्तक घेतलंय. फरशी पुसून झाली की बादली बाजूला ठेवून त्यांच्या कानाशी बसतात आणि सगळ्या गल्लीची उणीदुणी सांगतात. कोणाची सून पळाली, कोणी कोणाचा पाइप तोडला. काका ऐकू येत नसूनही मान हलवतात. मला त्या दोघांकडे बघून बरं वाटतं.

यंत्र पुन्हा पडलं. तिसरं घर. घरी यांना सांगितलं. एरवी यंत्र म्हटलं की तासभर बोलतील. आज लगेच म्हणाले, ते जाऊ दे, तू तुझ्या शाळेतलं सांग ना काहीतरी. सारखं बोल ना, बोल ना चालतं. मला बोलायची हौस होती ती आता फिटलीय. घसा बसलाय.

मंगळवार, १ एप्रिल

टेलरकाकांना ऐकू यायला लागलं. आज त्यांनी बटण दाबलं आणि हेडफोन काढून लहान मुलासारखे रडले.

मावशी तेव्हा बाहेर नळाखाली बादली भरत होत्या. बादली भरून वाहत होती, पाणी व्हरांड्यात आलं होतं, आणि सिस्टर त्यांच्या मागे उभ्या राहून ओरडत होत्या. मावशी त्यांच्याकडे पाठ करून शांतपणे भिंतीकडे बघत होत्या.

मला त्या क्षणी काही कळलं नाही. चहा पिताना मावशींची ती पाठ पुन्हा आठवली.

शनिवार, ५ एप्रिल

यंत्र दुरुस्त करणाऱ्याला मीच बोलावलं होतं. त्यानं मीटर लावलं आणि मलाच विचारलं, बाई, आवाज एवढा वर कोणी नेला? यंत्र पहिल्यापासून ठीक होतं म्हणे. त्यानं चकती आधी होती तिथे आणून ठेवली. मी हेडफोन लावले.

सर्वांत बारीक सूर नाही. त्याच्या वरचा नाही. त्याच्या वरचा नाही.

तो काहीतरी बोलत होता. मी त्याच्या तोंडाकडे बघितलं तेव्हा समजलं की मी गेले कित्येक दिवस सगळ्यांच्या तोंडाकडेच बघते आहे.

इतकी वर्षं या कानांच्या जिवावर दुसऱ्यांचे कान मोजले. आणि कान जायला लागले तेव्हा मी यंत्राला नावं ठेवली.

बुधवार, ९ एप्रिल

डॉक्टरांना गाठलं. सांगितलं, जे पेशंटशी बोलतात त्यांचं ऐकणं कमी होतंय. मावशी, ती सून, मी. काकांना माणूस नव्हतं तोपर्यंत काकांना काही ऐकू आलं नाही. तिथे नवीन काही उगवत नाही, डॉक्टर. इकडचं तिकडे जातं.

ते कान चोळत राहिले. मला आता त्यांचं अर्धंच ऐकू येतं, पण हे आलं: असं होऊच शकत नाही, वयाप्रमाणे होतं, दगदग फार झाली. मग म्हणाले, तुम्हालाही डोस देऊ, कर्मचाऱ्यांसाठी सोय आहे. फक्त तुमच्याशी बोलणारं माणूस लागेल. मुलगी आहे ना तुम्हाला?

किती गोड विचारलं. मी खुर्ची धरून उठले. नको म्हटलं. कितपत मोठ्यानं म्हटलं कोण जाणे, बाहेरची सिस्टर आत बघायला आली.

गुरुवार, १० एप्रिल

यांना विचारलं. सरळच. तुम्हाला माहीत होतं?

त्यांनी नाही म्हटलं नाही. माझा हात हातात घेतला आणि तोंड माझ्यासमोर आणून सावकाश सांगितलं, म्हणजे मला ओठ वाचता यावेत. दुसऱ्याच आठवड्यात लक्षात आलं होतं. मी बोलले की त्यांच्या कानात काहीतरी ऊब येते. ती ऊब माझ्यातून येते हे कळतं. वॉर्डातल्या सगळ्यांना कळतं. कोणी बोलत नाही. त्यांना सांगायचं होतं, रोज ठरवायचे, आणि मी पुढचं वाक्य बोलायचे, आणि ते इतकं चांगलं वाटायचं की—

हे त्यांनी रडत सांगितलं. मला रागही धड आला नाही. इतका थकवा.

आता त्यांच्याशी बोलायचं नाही. ठरलं. माझं जे उरलंय ते उरू दे.

शनिवार, १२ एप्रिल

बोलत नाही. माझं ऐकणं आहे तिथेच थांबलंय. काल तपासलं, आज तपासलं, तेवढंच.

त्यांचं उतरतंय. रोज लागतं त्यांना, रोज नाही मिळालं की ओसरतं. सकाळी कुकरची शिट्टी ऐकू आली नाही. मागे मागे फिरतात. मी भांडी घासते तर शेजारी उभे. मी झाडते तर उंबऱ्यात. तोंडानं एकच, बोल ना. अगं, बोल ना काहीतरी. शिव्या दे वाटल्यास.

मावशी कामावर आल्या नाहीत. टेलरकाका पलंगावरून उठून दाराशी बसलेत, येणाऱ्याजाणाऱ्याचा पदर धरतात.

सोमवार, १४ एप्रिल

बोलले.

दुपारी ते जमिनीवर बसले होते, दोन्ही कानांवर हात, आणि रडत होते. पुन्हा त्या खड्ड्यात नको म्हणत होते. मी त्या खड्ड्याच्या काठाशी इतकी वर्षं उभी राहून ओरडले आहे, मला माहीत आहे तो किती खोल आहे. मला दया आली. आणि खरं सांगायचं तर कंटाळा आला. सांभाळायचा, नाही म्हणायचा, स्वतःचं राखून ठेवायचा.

त्यांच्याजवळ बसले आणि बोलले. सगळं. लहानपणापासूनचं. बोलता बोलता माझा आवाज लांब लांब गेला, आणि संध्याकाळ व्हायच्या आत गेलाच.

आता काही नाही. कापूस कोंबल्यासारखं असतं असं पेशंट सांगायचे. कापूससुद्धा नाही.

त्यांचा चेहरा दहा वर्षांनी तरुण दिसतो.

बुधवार, १६ एप्रिल

माझ्याकडचं संपलं. मला वाटलं होतं, आता तरी हे थांबेल. मी कितीही बोलले तरी त्यांना काही मिळत नाही. दुपारी माझ्या बोलण्यावर त्यांनी तोंड फिरवलं, आपण नळ कोरडा निघाल्यावर फिरवतो तसं. मला ते फार लागलं.

मग फोन घेऊन बाहेर गेले. तारेखाली उभं राहून बोलत होते. हसत होते.

लेकीचा मेसेज आला. बाबांनी सगळं सांगितलं, तुझ्या कानांचं कळलं, रडू नकोस, उद्या येतेय, रेडिओलाही आणतेय, बाबांना तिच्याशी पोटभर बोलायचंय.

मी लिहिलं, येऊ नको. लिहिलं, तिला तर मुळीच आणू नको. का ते सगळं लिहिलं. तिचं उत्तर: आई, तू खूप दमली आहेस.

गुरुवार, १७ एप्रिल

आल्या.

पोर गाडीतून उतरली तीच आजोबांकडे धावली. मी मध्ये शिरून तिला उचललं. ती माझ्या गालाशी काहीतरी बोलत राहिली. काय ते कळलं नाही. केसांना साबणाचा वास.

लेकीला सगळं पुन्हा सांगितलं. ती माझ्याकडे बघते ती नजर मला ओळखीची आहे. यांच्याकडे मी अशीच बघायची. तिनं फोनवर लिहून दाखवलं, डॉक्टर भेटले होते मला, म्हणाले धक्का बसलाय, आराम हवा.

शुक्रवार, १८ एप्रिल

पोरीला सोडत नाही. अंघोळ मी, जेवण मी, झोपाळा, बाग, रस्ता, पुन्हा बाग. पाय सुजलेत. ते लांबून बघतात. घाई नाही त्यांना.

लेक चिडलीय. ओठांवरून कळलं, बाबांजवळ जाऊ दे ना तिला, काय लावलंयस.

शनिवार, १९ एप्रिल

डोळा लागला. दुपारी. फक्त टेकले होते, पोर कुशीत होती—

जागी झाले तर कूस रिकामी. ऊन पार भिंतीवर चढलेलं.

बाहेरच्या खोलीत दोघं. पोर मांडीवर. तोंड त्यांच्या कानाशी. लेक समोर बसून फोनवर फोटो काढत होती. हसत होती.

ओढून घेतलं तिला. ती रडली. लेकीनं माझा हात झटकला. आयुष्यात पहिल्यांदा.

रविवार, २० एप्रिल

हे पान तुझ्यासाठी, बाळा. तोंडानं सांगितलेलं तू ऐकून घेत नाहीस, माझा आवाज कसा निघतो तेही मला कळत नाही. हे वाच. तिला उचल आणि आत्ता घेऊन जा. सामान राहू दे. मी वेडी नाही. बाबा वाईट नाहीत. त्यांना आवरत नाही, मला आवरता आलं नाही, बस—

तू स्वयंपाकघरात आहेस. पाठमोरी. या दोन ओळी लिहून तुझ्याकडे येते—

दारातून दिसतंय. पोर पुन्हा त्यांच्या मांडीवर. तू बसवलंस ना? बोलतेय. सकाळपासून असेल. ओठ हलतायत नुसते.

मागून हाक मारली. घसा दुखेपर्यंत. वळली नाही. रंगात आली असेल. पोरं गोष्टीत रमली की—

तिच्या मागे पातेलं फरशीवर टाकलं. तू धावत बाहेर आलीस. म्हणजे मोठा आवाज झाला.

ती वळली नाही.

ते वळले. कळ आल्यासारखा चेहरा केला. मग तिच्या गालाला हात लावून तिचं तोंड पुन्हा कानाशी—

आता तू तिला हाक मारतेयस. ओठ दिसतायत मला. जवळ आलीस. वाकलीस. तिच्या तोंडापुढे टाळी वाजवलीस आणि ती तुझ्या हातांकडे बघून हसली, आणि बोलतेच आहे, अजून बोलतेच आहे, अगं तिचं तोंड धर, आधी तिचं तोंड